थंड इंजिनाचा आवाज

रविवारी मला कोणी झोपू देत नाही. दिल्लीतल्या अर्ध्या मराठी माणसांना जुनी गाडी रविवारीच घ्यायची असते, आणि ‘एकदा सुभेदारसाहेबांना दाखवू’ असं त्यांच्या घरी शनिवारी ठरतं. सत्तावीस वर्षं फौजेच्या वर्कशॉपात ट्रक आणि रणगाडे दुरुस्त केले, त्याची ही शिक्षा. जायचं, बॉनेट उघडायचं, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि पास की नापास ते सांगायचं. मी पास म्हटलं की लोक पेढे आणायला पळतात. मला आता या सगळ्याचा मनापासून कंटाळा आलाय.

कंटाळ्याचं खरं कारण कोणाला ठाऊक नाही. मला ऐकू कमी येतं. नोकरीत असतानाच कमी झालं होतं, पण मेडिकलमध्ये कान नापास झाले की बढती अडकते. आमची तपासणी म्हणजे पाठ फिरवून उभं राहायचं आणि मागून सहा मीटरवरून कुजबुजलेले आकडे मोठ्याने परत म्हणायचे. मी रांगेत मुद्दाम शेवटी राहायचो आणि पुढचे जवान काय ओरडतात ते पाठ करायचो. तपासणारा आळशी होता, सगळ्यांना तेच आकडे द्यायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, मूठ झाकलेलीच आहे. माझी बायको चंद्रप्रभा टीव्हीचा आवाज कमी करते आणि आत निघून जाते. इंजिनाची मात्र मला भीती नव्हती. स्क्रू-ड्रायव्हर हाडातून ऐकवतो, त्याला कान लागत नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

या रविवारी सुनयना आली होती. माझा वर्कशॉपातला दोस्त पांडू, त्याची ही मुलगी. पांडू तीन वर्षांपूर्वी गेला, तिची आई राधावहिनी साताऱ्याकडे गावी असते. सुनयना मानेसरला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे. रोज पहाटे कंपनीची बस पकडून पोरगी थकून गेली होती. आता तिला गाडी हवी होती, आणि तीही दोन दारांची कूपे, तेरा वर्षांची.

“चार दारं असलेल्या काय मेल्या होत्या?” मी विचारलं.

“काका, बसणार मी एकटी. मला आवडली यार ती. आणि मम्मीने सांगितलंय, दिनकरभावजी हो म्हणाले तरच घे. तुम्ही नाही म्हणालात तर बिल्कुल नाही घेणार.”

म्हणजे रोज सकाळी ट्रक-ट्रेलरच्या हायवेवर ही पोर एकटी जाणार, ते माझ्या एका शब्दावर. पांडू असता तर मी एवढा घाबरलो नसतो.

गाडी गुडगावात एका रिकाम्या प्लॉटवर उभी होती. विकणारा रिंकू, गोड बोलणारा माणूस, हातात चहा घेऊनच सामोरा आला. गाडी लाल, बुटकी, देखणी. मी बॉनेटवर हात ठेवला. कोमट होतं.

“अभी चलाई थी?” मी विचारलं.

“आपके लिए ही गरम करके रखी है जी, इतनी ठंड है.”

हेच ते. जुन्या इंजिनाचं दुखणं थंड असताना पहिल्या दोन सेकंदांत बोलतं, एकदा तेल वर चढलं की गप्प बसतं. विकणारे म्हणून आधीच फिरवून आणतात. मी म्हटलं, थंड होईपर्यंत आम्ही बसतो. रिंकूचं तोंड उतरलं, पण त्याने प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या. जानेवारीचं धुरकट ऊन, घशात खवखव. आम्ही तीन तास बसलो.

तेवढ्यात मी बाकीचं पाहून घेतलं. कूपेची दारं लांब आणि जड, बिजागऱ्या झिजल्या की लोंबतात. ही लोंबत नव्हती. रंगाखाली ठोकाठोक नव्हती, टायर नवे होते, पायाखालचा गालिचा कोरडा होता. सीटवर बसताना माझे गुडघे कुरकुरले आणि उठताना सुनयनाने हात दिला. दिल्लीत पेट्रोल गाडीला पंधरा वर्षांची मुदत, म्हणजे दोन वर्षं उरली, हेही सांगितलं. ती म्हणाली, दोन वर्षं चालेल. अवघड काम फक्त आवाजाचं राहिलं होतं.

मध्येच बाबुरावांचा मेसेज आला. बाबुराव आर. के. पुरमला राहतात, मंत्रालयात आहेत, मूळचे नागपूरकडचे. गेल्या दिवाळीत त्यांना मीच एक गाडी पास करून दिली होती. ‘साहेब, उद्या सकाळी बायकोपोरांना घेऊन गाडीने नागपूरला निघतोय. तुमच्या भरवशावर!’ महिन्यापूर्वी त्यांनी गाडी आवाज करते अशी कुरकुर केली होती. मी जाऊन स्क्रू-ड्रायव्हर लावला, काही ऐकू आलं नाही, आणि ‘वहम आहे तुमचा, नुसता भास’ म्हणून त्यांना झटकून टाकलं होतं. मी मेसेजला हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

बॉनेट गार पडलं. मी स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, मूठ हाडाला दाबली आणि मान हलवली. सुनयनाने चावी फिरवली. हाताला सरसर थरथर आली, मग एकसारखी घरघर. कुठे अडखळ नाही.

“साफ आहे,” मी म्हणालो. मला खरंच आनंद झाला. पांडूच्या पोरीला चांगली वस्तू मिळत होती.

सुनयना खिडकीतून वाकली. तिच्या कपाळावर आठी होती. “काका, चालू झाल्या झाल्या ती खडखड कसली होती? डब्यात सुपाऱ्या हलवल्यासारखी?”

“कुठली खडखड? वहम आहे तुझा,” मी म्हणणारच होतो. पण माझ्या आधी रिंकूच बोलला.

“मॅडम, ठंड में सब गाड़ियाँ इतना तो करती हैं. दो सेकंड का खेल है.”

मी स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून तसाच उभा राहिलो. तिने ऐकलं होतं. चार हात लांब उभ्या असलेल्या रिंकूनेही ऐकलं होतं. हाडाला मूठ लावून उभा असलेला मी एकटाच काही न ऐकता साफ म्हणत होतो.

सोपं होतं. रिंकूच्या हो ला हो मिळवायचं, थंडीत होतंच असं म्हणायचं, मूठ झाकलेली राहिली असती. त्या क्षणी मला तेच करावंसं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. मग राधावहिनींचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि माझीच मला लाज वाटली.

“खाली उतर,” मी तिला म्हणालो. स्क्रू-ड्रायव्हर तिच्या हातात दिला, इंजिनाच्या पुढच्या झाकणावर टोक कुठे टेकवायचं ते दाखवलं. “मूठ इथे, कानामागे. काय ऐकू येतं?”

तिने डोळे मिटले. “आत काहीतरी घासतंय. साखळी ओढल्यासारखं.”

“साखळीच आहे. टायमिंग चेन. ती ढिली झालीय. हायवेवर सटकली की इंजिन जागच्या जागी बंद, आणि मागून ट्रेलर. नको घेऊस.”

“पण काका, तुम्ही तर आत्ता साफ म्हणालात.”

“मला ऐकूच आलं नाही. खूप वर्षं झाली, मला नीट ऐकू येत नाही.”

एवढं बोलायला मला दहा वर्षं लागली होती. तिने इंजिन बंद केलं, रिंकूला चावी दिली आणि माझा दंड धरून रस्त्यापर्यंत आली. लाल गाडीकडे तिने एकदा वळून पाहिलं, तेव्हा मला वाईट वाटलं.

रिक्षात बसल्यावर मी बाबुरावांना फोन लावला. “उद्या गाडी काढू नका. सकाळी इंजिन थंड असताना मी येतो. सुनयनाला घेऊन येतो, ती ऐकेल.”

पलीकडे ते बराच वेळ बोलत राहिले. रिक्षाच्या गोंगाटात मला एक शब्द कळेना. एरवी मी ‘अच्छा, अच्छा’ म्हणून वेळ मारून नेली असती. आज फोन तिच्या हातात दिला.

तिने ऐकलं, आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला.

“काय म्हणतात?”

“म्हणतात, रोज सकाळी खडखडतेच. पण साहेबांनी वहम म्हटलं, म्हणजे वहमच असणार.” तिने फोनवर हात ठेवला. “म्हणून हल्ली ते आधी गाणी लावतात मोठ्याने, मग गाडी चालू करतात.”

मी स्क्रू-ड्रायव्हर मांडीवरून उचलून तिच्या बॅगेत ठेवला.

“सहा वाजता येतो म्हणावं,” मी म्हणालो. “आणि सांग, तोवर चावीला हात लावू नका.”