माळावर शुभहस्ते वृक्षारोपण

आपण गवतावर काम करतो हे उत्कर्षानं घरी एकदाच सांगितलं होतं.

तेव्हा काळेवाडीच्या त्यांच्या गल्लीतल्या एक काकू म्हणाल्या होत्या, "एवढं शिकून गवतच उपटायचं व्हय गं?" सगळे हसले. बाप साहेबरावही हसला. जन्मभर पिंपरीच्या कारखान्यात लेथवर उभा राहिलेला माणूस, पोरगी डॉक्टरेट करणार म्हणून त्यानं आठवड्यापूर्वीच पेढे वाटले होते. त्याचं हसू बघून उत्कर्षाला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यानंतर कुणीही विचारलं की ती म्हणायची, "झाडांचा अभ्यास करते." झाड म्हटलं की माणसं मान डोलावतात. झाडाला इज्जत आहे. गवताला कोण विचारतो?

परिषदांमध्ये इंग्रजीतून ती गवताळ माळांवर तासभर बोलायची, समोरचे टाळ्या वाजवायचे. पण ज्यांच्या माळावर काम चालायचं त्यांना दोन वाक्यं सांगायची वेळ आली की हिचं तेच, झाडांचा अभ्यास.

माळ तिच्या आजोळचाच. चाकणच्या पुढं, दोन कंपन्यांच्या भिंतींमध्ये उरलेला गायरानाचा तुकडा. पूर्वी डोंगरापासून गावापर्यंत सलग गवत होतं. आता रस्ते, गोदामं, ट्रकची पार्किंगं आणि मध्ये मध्ये उष्टं टाकल्यासारखे गवताचे तुकडे. या तुकड्यांवर खरपुडी उगवते. जमिनीखाली छोटासा कंद, वर गवताच्या आधारानं उभं राहिलेलं नाजूक खोड आणि श्रावणात त्याला कंदिलासारखं फूल. त्या फुलात डोंगराकडून आलेली एक बारीक माशी शिरते, दुसऱ्या रोपाचा पराग घेऊन येते, तेव्हा कुठं शेंग धरते. माशी काही कंपनीची भिंत आणि चौपदरी रस्ता ओलांडून येत नाही. म्हणून बाकीच्या तुकड्यांवर खरपुडी फुलायची आणि नुसतीच गळून जायची. शेंगा धरायच्या त्या फक्त या माळावर, कारण हा एकच तुकडा अजून डोंगराला चिकटलेला होता. हा गेला की या पट्ट्यातली खरपुडी संपली. तिचं सगळं काम या एका गोष्टीवर उभं होतं. आणि ही गोष्ट गावात एकालाही माहीत नव्हती.

यंदा श्रावणात ती परिषदेसाठी बंगळूरला गेली. परत आली त्याच दिवशी मामेभावाचा, गोरक्षचा फोन.

"ताई, उद्या दहा वाजता माळावर ये. साडी नेसून ये."

"साडी? माळावर?"

"सांगतो तेवढं ऐक की. सरप्राइज हाय."

गोरक्ष माळाला लागूनच्या कंपनीत होता. बरीच वर्षं ठेकेदाराकडं राबून यंदाच पर्मनंट झालेला. माणूस भाबडा नाही, पण ताईच्या बाबतीत भाबडा.

दुसऱ्या दिवशी ती रिक्षातून उतरली आणि आधी तिला मातीचा वास आला. मग खड्डे दिसले. जेसीबीनं रांगेत काढलेले खड्डे, भिंतीपासून थेट डोंगराच्या पायथ्यापर्यंत. प्रत्येक खड्ड्याशेजारी लाल मातीचा ढीग आणि काळ्या पिशवीतलं रोप. मधलं गवत यंत्रानं कापून साफ केलेलं. मांडव, खुर्च्या, स्पीकर. वर फ्लेक्स: गावची भाची डॉ. उत्कर्षा यांच्या शुभहस्ते वृक्षारोपण. बाजूला तिचा फोटो, घरातल्या कुणाच्या तरी लग्नातला, कापून घेतलेला.

कंपनीचे साहेब, गावातले पुढारी, शाळेची पोरं, सगळे हजर. तिला हाताला धरून स्टेजवर नेलं, शाल घातली, हातात नारळ दिला. गोरक्षनं माइक घेतला. नवा शर्ट, कॉलरवर अजून घडीची रेघ.

"आमची ताई किती वर्षं झाली, या माळावर उन्हातान्हात हिंडती," तो म्हणाला. "झाडांचा अभ्यास करती. आन माळावर झाड किती? एक न्हाई. मला लई वाईट वाटायचं राव. पायपीट करून घरी येती आन म्हणती, आज बी काय विशेष सापडलं न्हाई. मी साहेबांच्या मागं लागलो. म्हणलं, साहेब, आमच्या ताईसाठी झाडं लावा."

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत मामी, सरुबाई, पदरानं डोळे पुसत होती.

माइक उत्कर्षाच्या हातात आला.

तेव्हाच बोलायला हवं होतं. जेसीबी अजून माळावर उभा होता, एकही रोप मातीत गेलं नव्हतं. खड्डे बुजवता आले असते. खालचे बरेच कंद शाबूत होते, गवत परत आलं असतं. पण समोर गोरक्षचा चेहरा होता, आणि त्या चेहऱ्यामागं काळेवाडीची गल्ली हसत होती. डॉक्टर बाई स्टेजवर शाल घेऊन सांगणार की मला गवत पाहिजे?

"सगळ्यांचे आभार," ती म्हणाली. "मी भारावून गेले आहे."

पहिलं रोप तिनंच लावलं. खड्ड्याच्या कडेला जेसीबीच्या दातानं अर्धा कापलेला कंद होता, पांढरा, ओला. तो तिला दिसला. फोटोवाला म्हणाला, "मॅडम, माती लोटताना इकडं बघा." ती तिकडं बघून हसली आणि माती लोटली.

लोक जेवायला बसल्यावर ती एका ढिगाशी जाऊन उकिडवी बसली आणि हातानं माती चिवडायला लागली. गोरक्ष जिलेबीचं ताट घेऊन आला.

"काय हरवलं, ताई? अंगठी का?"

तिनं मूठ उघडली. तीन कंद होते. आणि तिनं सगळं सांगितलं. माशी, शेंग, डोंगर, भिंत, झाडांच्या सावलीत मरणारं गवत. जेवणाचा एक घास संपायला लागावा एवढ्या वेळात सांगून झालं. त्याला एकदाही विचारावं लागलं नाही की म्हणजे काय.

तो ताट धरून उभाच राहिला.

"मग तू झाडं झाडं का म्हणत हुतीस?"

तिनं मूठ मिटली.

"मला कळलं नसतं असं वाटलं?"

"तसं नाही रे."

"मग कसं?"

तिच्याकडं जे उत्तर होतं ते सांगण्यासारखं नव्हतं.

"चल," तो म्हणाला. "साहेबांना सांग. मी संगं येतो."

साहेब हात धुवत होते. त्यांनी शांतपणे ऐकलं, रुमालानं बोटं पुसली.

"मॅडम, बरोबरच असेल तुमचं. तुम्ही तज्ज्ञ. पण आता फोटो वर गेले, बोर्डावर तुमचं नाव लागलं. झाडं उपटली असं मी वर काय सांगू? तासाभरापूर्वी माइक तुमच्याच हातात होता ना?" मग गोरक्षकडं वळून ते म्हणाले, "आणि तुम्ही, जागा दाखवताना घरी नीट विचारायचं तरी."

"चुकलं साहेब," गोरक्ष म्हणाला. मान खाली घालून. त्याची काहीच चूक नव्हती, आणि बहीण शेजारी उभी राहून ते ऐकत होती.

मांडव सुटला. साहेबांच्या गाड्या गेल्या. उत्कर्षानं अंगावरची शाल काढून ढिगाशेजारी अंथरली आणि सापडतील ते कंद तिच्यावर ठेवायला लागली. गोरक्ष पलीकडच्या ढिगाशी बसला. नवा शर्ट मातीनं भरला, त्यानं झटकलाही नाही. जरा वेळानं मामी आली.

"काय चाललंय दोघांचं? लोकं बघत्यात."

"खरपुडी गोळा करतोय, मामी."

"खायला?"

"नाही. माझं काम याच्यावर आहे. गवतावर."

मामीनं तिच्याकडं पाहिलं, मग रांगेतल्या रोपांकडं, मग फ्लेक्सकडं.

"गवतावर," ती म्हणाली. "आन ते सांगायची तुला लाज वाटली. आमी तर जन्मभर डोक्यावरनं गवताचेच भारे आणले. मंग आमचं तोंड बघून तुला काय वाटत आसंल गं?"

उत्कर्षाचे हात मातीतच थांबले. मामी तिच्या उत्तरासाठी थांबली नाही. खाली बसली आणि तिसऱ्या ढिगाला हात घातला.

ऊन कललं तेव्हा शाल अर्धी भरली होती. गोरक्षनं चार टोकं एकत्र धरली.

"हे दुसऱ्या तुकड्यावर लावले तर जगतील का?"

नुसतं हो म्हणता आलं असतं. तो हसला असता, मामीनं चहा टाकला असता.

"जगतील," उत्कर्षा म्हणाली. "फुलंही येतील. शेंग धरणार नाही."

गोरक्षनं गाठ मारली, गाठोडं खांद्यावर टाकलं आणि तिच्यासाठी न थांबता पुढं चालू लागला. खड्ड्यांच्या कडेकडेनं. मध्ये उरलेल्या गवताच्या खुंटांवर पाय पडणार नाही असा.