तक्ता सतरा

पोस्टमनने पुस्तक आणून दिलं तेव्हा अनुजा देवेशच्या काखेत थर्मामीटर धरून बसली होती. नव्याण्णव पॉइंट दोन. ताप म्हणावा असा नाही. पण तापात दोनदा आकडी येऊन गेलेल्या मुलाची आई नव्याण्णवलाही उठून उभी राहते. पोर दीड वर्षाचं. नवरा सुशांत गोव्याला नोकरीला, म्हणून ती माहेरी, माडवळला राहिलेली. आरोग्य उपकेंद्र घरापासून पळत गेलं तर दोन मिनिटांवर. त्या दोन मिनिटांसाठीच तर राहिलेली.

पुस्तक उशीएवढं जाड, इंग्रजी. किनाऱ्यावरच्या गावांतली आरोग्यातली विषमता, असा विषय. सहा वर्षांपूर्वी ते लिहिणारे प्राध्यापक, म्हणजे सर, त्या कामासाठी आले होते आणि कॉलेजात शिकणारी अनुजा त्यांच्याबरोबर फॉर्म घेऊन वाडीवाडीत फिरली होती. लोक मालवणीत बोलायचे, ती प्रमाण मराठीत लिहून घ्यायची. आभाराच्या पानावर तिचं नाव होतं.

"आमच्या अनुजाचा नाव पुस्तकात इला!" म्हणत मथुरा, तिची आई, ते पुस्तक पदराखाली घेऊन तीन घरं फिरून आली. एका पानाला खोबरेल तेलाचा डागही पाडून आली.

देवेश झोपला की अनुजा वाचायची. सुरुवातीला सरांनी लिहिलं होतं, ज्यांचं कुणी ऐकत नाही त्यांचं मोजून मांडलं तरच सरकारला ऐकावं लागतं. वाचून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मूल झोपणार तासभर, त्यात कपडे, भांडी. पंधरा दिवसांत ती दुसऱ्या प्रकरणाशीच होती.

मग एका दुपारी उपकेंद्रातली सलोनी सिस्टर दारात येऊन बसली. आत येईना.

"अनुजाताई, माझी ऑर्डर इली. सोमवारपासून माका डोंगराकडच्या गावात जावचा आसा."

"आणि हयसर कोण येतला?"

"कोण नाय. हयसर दोन सिस्टर आसत म्हणतत. एक कायमची, एक कंत्राटी. मी जास्तीची."

"कायमची खंय आसा?"

सलोनी हसली. कायमची सिस्टर सगळ्या गावाला ठाऊक होती. बुधवारी यायची, तेही कधी यायची, कधी नाही. दोन्ही वेळा देवेशला आकडी आली ती सोमवारी आणि शुक्रवारी. दोन्ही वेळा सलोनीने त्याला कुशीवर वळवलं, तोंडातला फेस पुसला, औषध दिलं. दुसऱ्या वेळी अनुजाने भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं होतं: सगळं मिळून तीन मिनिटं. आचऱ्याच्या दवाखान्यात न्यायचं तर खाडीला वळसा घालून पस्तीस, तीही रिक्षा मिळाली तर.

"थयसर तर एकय सिस्टर नाय गो," सलोनी हळूच म्हणाली. "तेंचीय पोरां आसत."

हे ऐकून अनुजाला रागावायलाही जागा उरली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने देवेशला आईकडे सोपवलं, पुस्तक पिशवीत घातलं आणि तालुक्याची एसटी धरली. वाटेत तिने वाक्यं जुळवली. साहेब, हे बघा, एवढ्या मोठ्या माणसाने आमच्यावर लिहिलंय. पुस्तक मांडीवर होतं तोवर तिला धीर होता.

तालुक्याच्या आरोग्य कार्यालयातल्या साहेबांनी पुस्तक पाहिलं आणि ओळखीचा माणूस भेटावा तसे हसले. टेबलावर त्यांच्याकडेही एक होतं. जागोजागी पिवळ्या चिठ्ठ्या.

"मॅडम, जास्तीच्या सिस्टर हलवायची यादी यावरूनच झालीय. पहिल्यांदा कुणीतरी नीट अभ्यास केला. तक्ता सतरा काढा. तुमचं गाव कुठे आहे?"

सगळ्यात वर होतं. कायम परिचारिका रोज हजर: होय. बाळंतपणाची सोय: होय. औषधं: होय. होयचा उभा रकाना खालपर्यंत गेलेला. तिचंच अक्षर छापून आल्यासारखं वाटलं तिला.

तो दिवस तिला लख्ख आठवत होता. सरांना सगळा गाव एकत्र हवा होता, म्हणून बैठक रवळनाथाच्या देवळात ठेवली. आधी गाऱ्हाणं झालं. गावाच्या वतीने मानकरी भिकाजीकाकांनी देवाला साकडं घातलं आणि प्रत्येक वाक्याला गावाने एका सुरात म्हटलं, "व्हय म्हाराजा!" लगेच तिथेच, देवासमोर, सरांनी प्रश्न काढले. सिस्टर रोज येते का? लोकांनी भिकाजीकाकांकडे पाहिलं. मग भिकाजीकाका म्हणाले, "व्हय." पाठोपाठ गाव म्हणाला, "व्हय." देवळात बसून गावाची उणी काढायची नसतात आणि पाहुण्याला रिकामी हंडी दाखवायची नसते. एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. अनुजालाही कळत होतं. तिने मुकाट्याने होय, होय लिहिलं. संध्याकाळी सरांना खरं काय ते सांगू, असं ठरवलं होतं. संध्याकाळी सर म्हणाले, "एवढे स्वच्छ फॉर्म आजवर कुणी भरले नाहीत." ती लाजली. सांगायचं राहून गेलं.

"साहेब, हे खोटं आहे," ती म्हणाली. "मीच लिहिलंय."

साहेबांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता. "असं करा, गावाकडून लिहून आणा. तेव्हा सांगितलं ते चुकीचं होतं म्हणून. गावातल्या तिघा प्रमुखांच्या सह्या हव्यात. मग मी वर पाठवतो."

स्टँडवरून तिने सरांना फोन लावला. सरांनी सगळं ऐकून घेतलं. आवाजात कळवळा होता.

"अनुजा, लोक असं का बोलतात, हा फार महत्त्वाचा मुद्दा आहे. पुढच्या आवृत्तीत आपण तळटीप देऊ."

"सर, सोमवारी ती जातेय."

"हो, पण एका गावासाठी तक्ता मागे नाही ना घेता येत."

भिकाजीकाका अंगणात सुपाऱ्या सोलत होते. तिने लिहून आणलेला कागद पुढे धरला. त्यांनी वाचला, घडी घातली, परत दिला.

"गो चेडवा, गावान देवाच्या म्होरसून व्हय म्हटला. आता मी नाय म्हणान सही करू? मगे देव खोटो की गाव खोटो?"

"काका, माझ्या झिलाक आकडी येता. सिस्टर गेली तर मी खंय जाऊ?"

"तेव्हा कागद तुझ्या हातात होतो. तू शिकलेला. तू कित्या नाय लिवलंस?"

तिने कागद पिशवीत सरकवला. मग आवाज उतरवून ते म्हणाले, "सोमवारी येऊन बस देवळात. तुझ्या झिलासाठी गाऱ्हाणा घालतंय. देवावर सोड."

बाकी दोघा प्रमुखांनी भिकाजीकाकांची सही बघून करू म्हटलं. कागद सहीविनाच राहिला.

सोमवारी देवळात वीस-पंचवीस माणसं जमली. तिच्यासाठी जमली होती, हेच तिला सोसवेना. देवेश खांद्यावर पडून होता. सकाळी अठ्ठ्याण्णव होता. आता त्याची मान तिच्या गळ्याला लागत होती आणि तिला थर्मामीटरची गरज वाटली नाही.

"बा देवा रवळनाथा," भिकाजीकाकांनी हात जोडले, "ह्या लेकराच्या अंगावर जा काय वाकडानाकडा आसात, ता दूर कर!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझ्या गावात कोणाक काय कमी पडता नये!"

"व्हय म्हाराजा!"

बाहेर तिठ्यावर एसटीने हॉर्न दिला. सलोनी सिस्टर तिथे बॅग घेऊन उभी असणार. आता पळत गेलं तर गाठता येईल, असं अनुजाला वाटलं. मग वाटलं, गाठून सांगायचं काय? थांब, तिकडच्या पोरांचं राहू दे?

"तुझ्या राखणीत सगळा बरा आसा, असाच बरा ठेव!"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. या वाक्याला तिचाच आवाज हवा होता. देवेशचा श्वास तिच्या कानाशी भराभर चालला होता.

"व्हय म्हाराजा," अनुजा म्हणाली.

एसटी निघाल्याचा आवाज आला. तिने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. अकरा वाजून वीस मिनिटं. ताप कधी चढला ते नक्की लक्षात ठेव, असं सिस्टरनेच तिला शिकवलं होतं.