सवतीकडचा पाहुणा

मोठ्या बाईंची सवत काळ्या पत्र्याची होती. कारखान्यातली सगळ्यात चांगली, पंख्याखालची जागा अडवून ती बसलेली असे. बाकीचे तिला कॉम्प्युटर म्हणत. बाई सवतच म्हणत, आणि तेही तिच्या तोंडावर. मालकांनी, म्हणजे बाईंच्या नवऱ्याने, तिच्या अंगावर हौसेने एक चित्र चिकटवलं होतं. लाल पोरगं, डोक्याला शिंगं, हातात काटा, पायात बूट. तिच्या आत जी यंत्रणा होती तिचं म्हणे ते चिन्ह, आणि नाव फ्रीबीएसडी. जगाने दुसरं काहीही वापरलं तरी मालकांनी तिला सोडलं नव्हतं. बायकोला एकदा कापडबाजारात विसरून घरी आलेला हा माणूस, पण सवतीची एक तार सैल झाली तर जेवण टाकून उठायचा.

"अहो, चहा निवतोय."

"हो."

"तुम्ही पिणार आहात, की तिला पाजू?"

"हो," मालक म्हणाले.

काम खुर्च्या-सोफ्यांची कव्हरं शिवायचं. मालकांचा जुना प्रोग्राम एकेक तुकडा मापाने कागदावर काढून द्यायचा. पुढचं सगळं बाईंचं. कापड टेबलावर पसरायचं, कागद इकडून तिकडे, तिकडून इकडे सरकवत असे बसवायचे की दोन तुकड्यांच्या मध्ये बोट शिरू नये, आणि मग खडू. बाईंच्या खडूची रेघ उमटल्याशिवाय कापडाला कात्री लागायची नाही, ही त्या कारखान्याची रीत होती. शिलाई मास्तरांसारखा तोंडाळ माणूससुद्धा कात्री हातात धरून गप्प उभा राहायचा. बाई रेघ मारून बाजूला झाल्या की मगच, "चला, हुकूम झाला!"

आणि मग सून आली.

शिकलेली आली, त्याचं बाईंना वावडं नव्हतं. शिकलेली सून चारचौघांत मिरवायला बरी. पण ही आली ती सरळ सवतीपाशी जाऊन उभी राहिली, शिंगवाल्या पोराकडे बघून हसली आणि म्हणाली, "अय्या बाबा, तुम्ही हे वापरता?"

मालकांची मान अशी वर झाली, जणू कुणी त्यांना नावाने हाक मारली.

बाईंनी ते पाहिलं. काय वाटलं ते त्यांनी स्वतःलाही सांगितलं नाही.

नाटकगृहाच्या खुर्च्यांचं मोठं काम आलं तेव्हा सुनेने विषय काढला. तुकडे कापडावर आपोआप मांडून देणारा एक प्रोग्राम आहे, फुकट मिळतो, फक्त तो लिनक्स नावाच्या दुसऱ्या यंत्रणेचा आहे.

"लिनक्स या मशीनवर येणार नाही," मालक म्हणाले. "मी ही पुसणार नाही."

बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा सवतीची बाजू घेतली. "बरोबरच आहे. उठसूट कुणीही आत घुसायचं म्हणजे काय? तिचं घर आहे ते."

"पुसायचं कशाला, आई?" सून म्हणाली. तिचं बोलणं लोण्यासारखं, त्यामुळे बाईंना भांडायला कुठे धरावं तेच कळत नसे. "बाबांची यंत्रणा तशीच राहील. लिनक्सचा प्रोग्राम हिच्यातच चालवता येतो. हो ना, बाबा?"

"येतो की!" बाबांचे डोळे चमकले.

झालं. त्या दिवसापासून दोन डोकी एका पडद्यात. सकाळी बाई कारखान्यात यायच्या तर दोघांच्या पाठी त्यांच्याकडे. तुम्ही हे करून बघा, तू ते टाक, अगं थांब, बाबा हे बघा. संसारभर बाईंच्या वाट्याला जेवढे शब्द आले नसतील तेवढे त्या कोपऱ्यात सांडत होते. बाई मुद्दाम कात्र्या आपटत, मुलावर ओरडत, पंखा बंद करत. पंखा पुन्हा लागे, कुणी लावला तेही कुणाच्या लक्षात येत नसे.

पहिल्यांदा प्रोग्राम उघडेचना. पडद्यावर एक ओळ यायची आणि सगळं ठप्प. ही कुठली जात, कुठला प्रोग्राम, यंत्रणेला ओळखच पटत नव्हती म्हणे.

"पटणारच नाही," बाई लांबूनच म्हणाल्या. सवतीचा असा अभिमान त्यांना कधी वाटला नव्हता. "आमच्या घरची आहे ती. कुणाच्याही गळ्यात पडत नाही."

दुसऱ्या दिवशी ती गळ्यात पडली. सुनेने काय शिक्का मारला देव जाणे, लिनक्सचा प्रोग्राम शिंगवाल्याच्या घरात चालू लागला, आणि मालक टाळी वाजवून हसले. ते हसू बाईंच्या ओळखीचं होतं. लग्न नवं असताना एकदा बाईंनी विहिरीत पडलेली कळशी, दोर अपुरा पडला म्हणून पदराची गाठ मारून, वर काढली होती, तेव्हा ते असे हसले होते. ते हसू आपल्याकडेच ठेवलेलं आहे अशी बाईंची समजूत होती.

रात्रीच्या भाकऱ्या थापायच्या आधी त्यांनी मुलाला गाठलं. "मला काय करायचंय म्हणा. पण हे चाललंय कसं? हा दुसरीकडचा, ती दुसरीकडची."

मुलाने डोकं खाजवलं. "असं बघ. लिनक्सचा प्रोग्राम त्याच्या भाषेत काहीतरी मागतो. बाबांची यंत्रणा ते समजून घेते आणि त्याला पाहिजे तसं देते. त्याला कळतसुद्धा नाही की आपण परक्या घरात आहोत. त्याचं सामान ठेवायला आत एक खोली करून दिलीय."

"खोली?"

"फोल्डर गं. त्यात सगळं लिनक्सचं."

बाई आतून भडकल्या. त्या या घरात आल्या तेव्हा त्यांच्या ट्रंकेवर सासूबाईंची ट्रंक बसली होती. स्वतःची फणी ठेवायला फळी मिळायला दोन बाळंतपणं जावी लागली. त्यांची भाषा कुणी समजून घेतली नव्हती, त्यांनीच गिळली होती. आणि हा पाहुणा प्रोग्राम, परवाचा, त्याला स्वतंत्र खोली, त्याच्या बोलीत उत्तरं, वर कळूसुद्धा द्यायचं नाही की बाबा तू परका आहेस! सुनेचं तरी वेगळं काय होतं? कालची आली, घरभर उजेड पाडत फिरते, सगळे तिच्या बोलीत बोलतात.

चार दिवसांनी प्रोग्रामने मांडणी काढून दिली. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब कागद, त्यावर पाठी आणि बैठका एकमेकांच्या कुशीत शिरलेल्या. बाईंनी चष्मा लावून खोट शोधली. वाकून शोधली, उलट्या बाजूला जाऊन शोधली.

"मखमल आहे. लव कुठल्या बाजूला पडते ते बघितलंस? एक पाठ काळी आणि एक पांढरी दिसेल."

"हो आई, बाण काढलेत बघा. सगळे एकाच दिशेला."

बाण होते.

"हं," बाई म्हणाल्या. त्यांना तो कागद फाडावासा वाटला.

वर मालक म्हणाले, "सुटलीस तू. आता वाकून खडू मारायला नको, कागद चिकटवला की कापलं. गुडघे दुखतात ना तुझे? खुर्चीच्या हात्यांची कव्हरं तेवढी तू बघ, जुन्या पद्धतीने. बाकीचं ही करील."

माणूस प्रेमानेच बोलला होता. पण बाईंना ऐकू आलं ते एवढंच की खुर्चीची पाठ गेली, बैठक गेली, आता दोन हात राहिले. उद्या तेही जातील. मग खडू घेऊन काय करायचं, नातवंडांना पाटीवर बदकं काढून द्यायची?

शिलाई मास्तरांनी खाली मान घालून सुई ओवायला घेतली. ते बाईंना जास्त लागलं.

नमुन्याची एक खुर्ची आधी शिवायची असं ठरलं. त्याच्या आदल्या दिवशी मालक, मुलगा आणि सून तिघे नाटकगृहात खुर्च्या पुन्हा मोजायला गेले. मास्तर जेवायला गेले. बाई आणि सवत, दोघीच उरल्या.

बाईंना वाचायला फारसं येत नसे, पण सवतीपाशी एक गोष्ट करता येत होती. मागे मालक तापाने अंथरुणाला खिळले असताना जाड रेक्झिनचं काम आलं, आणि शिलाईसाठी तुकड्याभोवती किती कापड जास्त सोडायचं तो आकडा बदलायचा होता. तेव्हा त्यांनी पडल्या-पडल्या बायकोला शिकवलं होतं: ही दोन बटणं दाब, मग हे नाव, मग बाणाने खाली ये, आकडा खोड, नवा घाल. बाईंनी अक्षरं चित्रासारखी पाठ केली होती. मापांची ती एकच फाइल त्यांना माहीत होती. जुना प्रोग्राम तीच वाचायचा, आणि सुनेचाही तीच वाचतो असं त्या कोपऱ्यातल्या गप्पांत त्यांच्या कानावर आलं होतं.

पदराला हात पुसून त्या बसल्या. बटणं दाबली. फाइल उघडली. दीड सेंटिमीटर होता, त्याचा एक केला.

फार नाही, अर्ध्या बोटाचा फरक. नमुन्याच्या पाठीवर कव्हर चढायचं नाही, ओढाताण होईल, शिवण उसवेल, दोघं एकमेकांची तोंडं बघतील. एवढंच. एका खुर्चीचं कापड. मग मालक हातात खडू घेऊन येतील आणि म्हणतील, तूच बघ गं बाई. ते तसं म्हणत असताना आपण आधी ऐकू न आल्यासारखं करायचं, हेही त्यांनी ठरवून ठेवलं. उठताना सवतीच्या डोक्यावर त्यांनी एक टपली मारली. "आता राहा गप्प."

सकाळी सुनेने ताजा कागद काढला, जुन्या प्रोग्रामने बाईंना हात्यांचा कागद काढून दिला. दोन्हीकडचं कापलं, मास्तरांनी शिवलं. बाई हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

पाठीचं कव्हर मुलाने वरून सोडलं आणि ते घट्ट पण नीट खाली उतरलं. बैठक बसली. एक सुरकुती नाही. मास्तर म्हणाले, "वा!" आणि लगेच बाईंकडे बघून खोकले.

मग त्यांनी बाईंच्या हात्याचं कव्हर घेतलं. अर्ध्यावर अडलं. ओढलं, थुंकी लावल्यासारखं चोळलं, गुडघा लावला. टर्र!

"मोठ्या बाई," मास्तर म्हणाले, "हात्याला बाळसं आलंय की कव्हर आटलंय?"

बाईंच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. असं कसं झालं, तेच त्यांना कळेना. उलटं व्हायला हवं होतं.

मालकांनी दोन्ही तुकडे मोजले. "हिच्या प्रोग्रामने शिलाईला दीड सोडलंय. माझ्या प्रोग्रामने एक. पण मापांची फाइल तर एकच आहे!" ते सवतीपाशी धावले. सून मागोमाग. दोघांनी बटणं बडवली, आणि सून एकदम थबकली.

"बाबा, फाइली दोन आहेत. मी पहिल्या दिवशी, प्रोग्राम चालत नव्हता तेव्हा, मापांची एक प्रत आतल्या खोलीत टाकली होती. नंतर काढायची राहिली. लिनक्सचा प्रोग्राम काहीही शोधायला आधी त्याच्या खोलीत जातो. तिथे मिळालं की तो घरातलं बघतच नाही. तिथे दीडच राहिलं."

"आणि घरातली फाइल? तिच्यात एक कुणी केला?" मालक पुढे सरकले. "काल दुपारी बदललीय. काल दुपारी तर आपण नाटकगृहात होतो."

मास्तरांनी फाटलेलं कव्हर उलटसुलट करून बघायला घेतलं. सुनेने वळून बाईंकडे बघितलं. तिला कळलं, आणि तिला कळलं हे बाईंना कळलं. पोरीने क्षणभर ओठ आवळले, मग त्याच लोण्याच्या आवाजात म्हणाली:

"माझ्याकडूनच झालं असेल, बाबा. निघायच्या घाईत काहीतरी दाबलं गेलं असेल. मी दुरुस्त करते."

बाई वाचल्या होत्या. चहा टाकायला जाऊन गप्प बसायचं होतं. पण त्यांच्या अंगाचा असा काही भडका उडाला की हात्याच्या कव्हराची लाज त्यापुढे काहीच नव्हती. नवरा घेतला, टेबल घेतलं, सवतसुद्धा घेतली, आणि आता ही त्यांची खोडीही घेऊन चालली! वर थोरपणाचा टिळा लावून!

"तुझ्याकडून काही झालेलं नाही!" त्या गरजल्या. "तुला जमलं असतं काय घाईत? मी केलंय ते. खाली बसून, चष्मा लावून, एकेक बटण बघून केलंय. दीडचा एक. तुझं कव्हर आखूड व्हावं म्हणून. माझं पाप माझ्या नावावर राहू दे, तुझ्या पदरात घालून तू देवी नको बनूस."

मुलगा म्हणाला, "आई!"

"आई काय? तुझा बाप त्या कोपऱ्यात जेवढं बोलतो त्याच्या पावपट माझ्याशी बोलला असता, तर मला पोथी वाचता आली असती."

मालक खुर्चीत तसेच वळलेले. रागावतील असं सगळ्यांना वाटलं. त्यांचं तोंड उघडं होतं.

"तू," ते म्हणाले, "फाइल उघडलीस? आणि जतनही केलीस?"

"तुम्हीच शिकवलंत. तापात होतात. आठवत कशाला असेल!"

"अगं, मी एकदाच सांगितलं होतं."

"मला एकदाच सांगावं लागतं. दुसऱ्यांदा सांगायला वेळ कुणाला होता?"

मास्तरांना हसू आवरेना, ते सुईदोरा आणायच्या निमित्ताने बाहेर गेले. सुनेने मान खाली घातली. तिने पदरचं घातलेलं पुण्य वाया गेलं होतं, पण तिच्या गालांवर हसूच होतं. तेही बाईंना आवडलं नाही.

"आई," ती हळूच म्हणाली, "आतल्या खोलीतली प्रत काढून टाकू? म्हणजे दोन्ही प्रोग्राम एकच फाइल वाचतील. घरातली."

"काढ. आणि घरातल्या फाइलीला हात मी लावणार. शिलाईला किती सोडायचं ते कापड बोटात धरून कळतं, बाण काढून नाही. मखमलीला दीड, रेक्झिनला जास्त. तुझ्या पाहुण्याला सांग, या घरात माप माझं चालतं. तो कितीही मांडो."

"हो, आई."

"आणि हो आई, हो आई करू नकोस. एकदा तरी भांड, म्हणजे मला बरं वाटेल."

"मग भांडते," सून म्हणाली. "नाटकगृहाच्या मखमलीला दीड कमी आहे. काल बघितलं, त्या खुर्च्यांच्या पाठीचा फोम जाड आहे. पावणेदोन लागेल."

बाईंनी नमुन्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला. कव्हर बसलं होतं, पण ताणून बसलं होतं. पोरगी खरं बोलत होती. बाईंना त्याचाही राग आला, फक्त या रागात जरा गंमत होती.

"पावणेदोन," त्या म्हणाल्या. "पण घालीन मी."

मालक उठले. त्यांनी स्वतःची खुर्ची बायकोपुढे सरकवली. "बस. दाखव बरं, कसं केलंस ते. कुठली बटणं?" आवाज तोच, कोपऱ्यातला, उजळलेला.

बाई बसल्या. पदर खोचला, बोटं बटणांवर ठेवली, आणि मग थांबल्या. सून त्यांच्या खांद्यामागे येऊन वाकून उभी राहिली होती.

"हिच्यासमोर नाही," बाई म्हणाल्या. "आधी हिला तिकडे जायला सांगा."