डाव्या चाकाचा आवाज

“डाव्या बाजूचा किंगपिन द्या,” ड्रायव्हर म्हणाला आणि काउंटरच्या कडेवर दोन्ही हात टेकून उभा राहिला.

नंबरकाका उठले नाहीत. दोन महिन्यांत हा माणूस तिसऱ्यांदा आला होता. आधी शॉकअपचे रबरी बुश, मग चाकाचं बेअरिंग, आणि आता किंगपिन, म्हणजे चाक ज्याच्यावर वळतं ती खुंटी. सगळं पुढच्या एकाच चाकाचं.

“किंगपिन गेलाय, असं कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. त्या चाकाचं तेवढंच बदलायचं राहिलंय.”

ट्रकच्या सुट्या भागांच्या त्या दुकानात नंबरकाकांना एकतीस वर्षं झाली होती. कुठल्याही गाडीचा कुठलाही भाग सांगा, त्याचा नंबर, फळी आणि खण ते डोळे मिटून सांगत. त्यामुळे त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी मालकांना आठवे. एवढं असून ते आजवर एकाही ट्रकमध्ये बसले नव्हते. त्यांना गाडी लागायची. भाचीच्या लग्नाला जाताना बसमध्ये जे झालं, त्याची आठवण घरातले अजून काढत. तेव्हापासून ते, त्यांची सायकल आणि दुकान. ट्रकचे भाग त्यांना ओळखीचे होते ते तेलकट कागदात गुंडाळलेले, खोक्यात गप्प पडलेले. गाडीत गेल्यावर ते काय करतात, हे त्यांनी काउंटरपलीकडच्या मेकॅनिक लोकांच्या गप्पांमधून ऐकलं होतं तेवढंच.

“होतंय तरी काय?” त्यांनी विचारलं.

“खडखड वाजतं. रस्ता खराब असला आणि गाडी हळू असली की. गॅरेजवाल्याला ऐकूच येत नाही. त्याच्या दारातला रस्ता लोण्यासारखा, तिथे कसं वाजेल?” ड्रायव्हरने आवाज खाली आणला. “मागच्या वर्षी उतारावर हेच चाक निखळलं होतं, काका. गाडी कठड्याला घासत गेली आणि थांबली, म्हणून आज उभा आहे. त्यामुळे गाडीचे मालक म्हणतात, ते चाकात नाही, तुझ्या डोक्यात वाजतंय. मी तीसच्या वर गाडी काढत नाही. माल उशिरा पोचतो. सोमवारपासून दुसरा माणूस येणार आहे गाडीवर.”

तेवढ्यात बाहेर उभ्या असलेल्या ट्रकच्या केबिनमधून एक बाई उतरून दुकानात आली. ड्रायव्हरची बायको. सकाळपासून गाडीत बसून हैराण झालेली दिसत होती.

“मला आज मुद्दाम आणलंय आवाज ऐकायला,” तिने सांगितलं. “मी ऐकला. पण ते यांना पटत नाही.”

“का?”

“कारण यांना बरं वाटावं म्हणून मी ऐकला नसता तरी हो म्हटलं असतं. हे यांना ठाऊक आहे. बायकोच्या साक्षीला किंमत नाही ती अशी.”

ड्रायव्हर ओशाळून हसला. पण हसणं संपल्यावर त्याचा चेहरा होता तसाच झाला. नंबरकाका तो चेहरा पाहत राहिले. माणसं काउंटरवर येत, ती घाईत, रागात, घासाघीस करत. हा माणूस वेगळाच होता. आपल्या कानांवरचाच विश्वास उडालेला माणूस त्यांनी याआधी पाहिला नव्हता.

दुपारची एकची वेळ. दुकान तासभर बंद होणार होतं. रोज या तासात नंबरकाका मागच्या खोलीत बसून डबा खात आणि पाच मिनिटं डुलकी काढत. आज त्यांनी दार ओढून घेतलं, डब्याकडे पाहिलं आणि तो तसाच ठेवला. पोट रिकामं असलेलं बरं.

“चला, मी ऐकतो,” ते म्हणाले. “पण मला गाडी लागते. मी थांबा म्हटलं की लगेच थांबायचं.”

केबिनमध्ये चढायला त्यांना दोन प्रयत्न लागले. बायको मधे सरकली आणि डावी खिडकी त्यांना दिली. तिने पायाशी पडलेली एक प्लास्टिकची पिशवी उचलून न बोलता त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनीही ती न बोलता घट्ट धरली.

गोदामांच्या मागे उखडलेला रस्ता होता. ड्रायव्हरने गाडी तिथे घातली आणि अगदी चालीवर आणली. नंबरकाकांनी डोकं खिडकीबाहेर काढलं. आधी नुसताच इंजिनाचा घोगरा आवाज. मग पहिला खड्डा आला, आणि खालून, त्यांच्या पायांच्या अगदी जवळून, डब्यात खिळे हलवावेत तसा आवाज उठला.

ड्रायव्हरने मान वळवली नाही. रस्त्याकडे पाहतच विचारलं, “आला का?”

“आला,” नंबरकाका म्हणाले.

“नक्की?”

“नक्की. डाव्या चाकातूनच. पातळ, पत्र्यासारखा.”

ड्रायव्हरने गाडी तिथेच उभी केली. बायकोने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दुसरीकडे पाहिलं.

मग नंबरकाका म्हणाले, “बेअरिंग गेलं की गुंगुं असा आवाज येतो, आणि वेगाबरोबर वाढतो. तसं हे नाही. किंगपिन असता तर स्टिअरिंग हातात नाचलं असतं. नाचतं?”

“नाही.”

“मग पुन्हा चालू करा. मी सांगेन तेव्हा ब्रेकवर पाय नुसता टेकवा. गाडी थांबवायची नाही.”

गाडी निघाली. खडखड सुरू झाली.

“टेकवा.”

आवाज बंद झाला. चाक खड्ड्यांतून तसंच जात होतं, पण खालून काही वाजत नव्हतं.

“सोडा.”

खडखड परत आली. त्यांनी हे चार वेळा केलं. चौथ्या वेळेला बायकोच “टेकवा” म्हणाली आणि आवाज थांबल्यावर हसली.

नंबरकाका मात्र हसले नाहीत. ब्रेकचे पॅड आपल्या जागेत सैल असले, की खराब रस्त्यावर ते असे वाजतात आणि ब्रेक लागला की आवळले जाऊन गप्प होतात, हे त्यांनी मेकॅनिक लोकांच्या तोंडून कितीदा तरी ऐकलं होतं. पॅड सैल राहू नयेत म्हणून बाजूला स्प्रिंगच्या पातळ पत्त्या बसवतात. त्या पत्त्यांचा नंबर, फळी, खण सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. त्याबरोबर आणखी एक गोष्टही आली.

“पॅड कधी बदलले?”

“तीन महिने झाले असतील. तुमच्याकडूनच नेले होते.”

“हो. आठवतं मला. त्या दिवशी गर्दी होती. पॅड घट्ट धरणाऱ्या पत्त्या आमच्याकडे वेगळ्या मिळतात, पॅडबरोबर येत नाहीत. त्या हव्यात का, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही.” त्यांनी पिशवीची घडी घातली, पुन्हा उलगडली. “गॅरेजवाल्याने एका बाजूच्या जुन्या टाकून दिल्या असणार. त्याची चूक असेल ती असेल, पण सुरुवात माझ्यापासून आहे.”

आता हा माणूस चिडेल, आणि चिडला तर त्याचं बरोबरच असेल, अशा तयारीने ते बसले होते. ड्रायव्हरने गाडी दुकानाकडे वळवली.

“काका, तुम्ही ऐकलंत,” तो म्हणाला. “मला वाटायला लागलं होतं, आपण आता गाडी चालवण्याच्या लायकीचे राहिलो नाही.”

दुकानासमोर जॅक लावून ड्रायव्हरने चाक उतरवलं. आत पाहिलं तर खरंच पत्त्यांच्या जागा रिकाम्या होत्या. हाताने पॅड हलवला तर तो टकटक वाजला. नंबरकाकांनी आतून पत्त्यांचं पाकीट आणलं आणि ड्रायव्हरने सांगितलं तसा पॅड धरून ठेवला. पहिल्यांदा पत्ती बसली नाही. दुसऱ्यांदा ड्रायव्हरचा अंगठा चिमटला. मग ती ‘टक्’ करून जागेवर बसली आणि नंबरकाका तिच्याकडे पाहतच राहिले. अशा हजारो पत्त्या त्यांच्या हातून गेल्या असतील. एखादी जागेवर बसताना त्यांनी आज पहिल्यांदा पाहिली.

मग तिघे पुन्हा त्या उखडलेल्या रस्त्यावर गेले. गाडी हेलकावे खात होती, केबिनमधली बाटली लोळत होती, पण चाकातून काही वाजलं नाही. परतीच्या वाटेवर नंबरकाकांना एकदा थांबा म्हणावं लागलं. बायकोने त्यांच्या हातावर पाणी ओतलं आणि त्यांना तोंड पुसायला आपला रुमाल दिला.

दुकानात परतल्यावर ड्रायव्हरने गाडीच्या मालकांना फोन लावला. दोन वाक्यं बोलला आणि फोन नंबरकाकांकडे दिला.

“आवाज होता,” नंबरकाका म्हणाले. “मी स्वतः ऐकला. पॅडच्या पत्त्या नव्हत्या, आता घातल्यात. तुमच्या माणसाचे कान चांगले आहेत. तो सांगत होता ते खरं होतं.”

पलीकडून मालक म्हणाले, “बरं. सोमवारी सहाला ये म्हणावं त्याला.”

निघताना ड्रायव्हरने नंबरकाकांचा ग्रीसने काळा झालेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला. आभार वगैरे काही म्हणाला नाही. हात मात्र बराच वेळ सोडला नाही. खरं तर आभार आपणच मानायला हवेत, असं नंबरकाकांना वाटत होतं. आपल्याच चुकीपायी हा माणूस तीनदा दारात आला, आणि तरी एका शब्दाने बोलला नाही. पण हे त्यांना नीट सांगता आलं नाही. “सावकाश जा,” एवढंच ते म्हणाले.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा त्यांची बायको ओट्याशी उभी होती. वरच्या फळीवरचा डबा काढायला तिने उजवा हात उचलला, अर्ध्यात थांबवला आणि डाव्या हाताने डबा काढला. चार महिने तिचा खांदा दुखत होता. तिने तसं सांगितल्यावर नंबरकाका म्हणत, वयाचं आहे, होतं असं. आणि पेपर वाचू लागत. अलीकडे तिने सांगणं सोडून दिलं होतं.

ते हात न धुताच स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले.

“तुझा खांदा नेमका कधी दुखतो?”

तिने मागे वळून पाहिलं. “आज काय झालं?”

“काही नाही. हात वर नेताना दुखतो, की खाली आणताना?”

तिने थोडा विचार केला. “खाली आणताना. वर नेताना नुसता अडतो.”

“आणि कुशीवर झोपलीस की?”

“या कुशीवर झोपताच येत नाही मला.”

एवढी साधी गोष्ट त्यांना माहीत नव्हती. ते जरा पुढे सरकले. “पहिल्यापासून सांग,” ते म्हणाले. “सुरू झालं तेव्हापासून.”

ती त्यांच्याकडे पाहत राहिली, खरंच विचारताहेत का ते ताडून बघत असल्यासारखी. मग तिने गॅस बंद केला, हात पुसले आणि त्यांच्यासमोरची खुर्ची ओढली.