फटफटी चमचा

चाळिशी उलटली तरी घरात तिला सगळे छोटीच म्हणत. बाहेर मात्र ती चांगली मोठी झाली होती. शहरातल्या डिझाइनच्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी वस्तू निवडायचं काम तिच्याकडे होतं, आणि दर आठवड्याला इंटरनेटवर ती 'काय हे!' नावाचं सदर लिहायची. तोटी आणि दांडा एकाच बाजूला असलेली किटली, टूथब्रशांची खुर्ची, वितळत चालल्यासारखा दिसणारा दिवा, बुटाच्या आकाराचा टेलिफोन, असलं काहीबाही ती जगभरातून हुडकून काढायची आणि लोक चहा पिता पिता हसायचे. कुणाच्याही घरी गेली की तिचे डोळे आधी कपाटावर जात, मग माणसांवर. मनाने वाईट नव्हती. तिला वस्तू आधी दिसायच्या, एवढंच.

अप्पांचा चमचा तिने शंभरदा पाहिला असेल. अप्पा म्हणजे तिचे वडील. ते दादा-वहिनीकडे राहत आणि सुटीच्या दिवशी ती त्यांना भेटायला जाई. पण त्या दिवशी जेवताना तो चमचा तिला पहिल्यांदा 'दिसला', आणि बिचाऱ्या चमच्याचे दिवस फिरले.

चमचा साधा स्टीलचा, पण त्याच्या दांड्यावर लहान मुलांच्या सायकलच्या हँडलची लाल रबरी मूठ बसवलेली. मुठीवर ट्यूबच्या पट्ट्या घट्ट गुंडाळलेल्या आणि टोकाला रंगीत प्लॅस्टिकच्या झिरमिळ्या. हलवला की आत काहीतरी खुळखुळायचं. अप्पांनी आयुष्यभर सायकली दुरुस्त केल्या होत्या. हात थरथरायला लागल्यावर डॉक्टरांनी दाबायला एक मऊ चेंडू दिला, तो अप्पांनी शेजारच्या कुत्र्याला देऊन टाकला आणि दुकानातल्या उरल्यासुरल्या सामानातून हा चमचा बनवला. झिरमिळ्या कशाला ठेवल्या म्हणून वहिनीने विचारलं, तेव्हा म्हणाले होते की हँडल आहे तर शोभा नको का. त्या चमच्याने ते वाटाणे खात. मुद्दाम वाटाणेच मागत, आणि एकही न सांडता वाटी संपली की सगळ्यांकडे असे बघत, जणू शर्यत मारली आहे. एकदा दादाने भरवायला हात पुढे केला, तर त्याच्यावर डाफरले, "माझं तोंड कुठे आहे ते मला अजून ठाऊक आहे."

छोटीने फोटो काढला आणि सदरात टाकला. 'जेवण आणि खुळखुळा, एकात दोन,' असं खाली लिहिलं. तो खुळखुळा कशासाठी हे तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर मजकूर लांबला असता आणि गंमत गेली असती.

लोकांनी चमचा डोक्यावर घेतला. कुणीतरी त्याला फटफटी चमचा म्हटलं आणि तेच नाव पडलं. कुणी त्याची चित्रं काढली, कुणी त्याला चाकं लावून पळवलं, एका नटीने त्याच्यासारखी कर्णफुलं घातली. संग्रहालयाच्या संचालिका बाई एरवी छोटीच्या नमस्काराकडेही बघत नसत, त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावून बसायला खुर्ची दिली. घरगुती अजब वस्तूंचं प्रदर्शन तिच्या हाती दिलं आणि मधोमध काय असणार हे तिनेच ठरवावं म्हणाल्या. म्हणजे काय असणार ते ठरलेलंच होतं.

तिने अप्पांना विचारलं. विचारलंच नाही असं तिला पुढे कुणी म्हणू शकलं नसतं. पण विचारलं ते सगळे जेवायला बसले असताना, मोबाइलवर लोकांची वाहवा एकेक करून वाचून दाखवल्यावर. अशा वेळी कुठला बाप नाही म्हणेल? अप्पांनी चमचा धुतला, रुमालाने पुसला आणि तिच्या हातात दिला. वहिनी तेवढी ताटातून मान वर न करता म्हणाली, की मग अप्पा जेवणार कशाने. छोटीकडे उत्तर तयार होतं. संग्रहालयात थ्रीडी प्रिंटर होता. त्यावर तिने हुबेहूब नक्कल करून आणली, मुठीवरच्या सुरकुत्या आणि अंगठ्याची खाच धरून. आत तेवढं काही भरलं नाही, कारण आजारी हाताला हलकं बरं असं तिला वाटलं. प्रदर्शन संपलं की तुमचा तुम्हाला परत, असं तिने अप्पांना वचन दिलं.

पुढचे काही आठवडे ती कामात बुडून गेली. फोन करायची, पण धावता. अप्पांना विचारलं की नवा चमचा कसा आहे, की ते म्हणत, "झकास." मग लगेच प्रदर्शनाचं विचारत. काचेचं कपाट केवढं आहे, दिवा कुठून सोडला आहे, झिरमिळ्या नीट विंचरल्या आहेत ना.

उद्घाटनाला अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले. दादाने गाडीतून आणलं, वहिनीने हात धरला. शर्ट त्यांच्या अंगावर सैल झाला होता, पण छोटीने कॉलर नीट आहे ना एवढंच पाहिलं. मधल्या दालनात काचेमागे चमचा एकटाच उभा होता आणि भोवती ही गर्दी. अप्पा बाजूला राहून लोकांचं बोलणं ऐकत राहिले. शेवटी न राहवून त्यांनी पहाऱ्यावरच्या माणसाला सांगितलं की हा मी केला. तो माणूस उठून उभा राहिला आणि त्याने अप्पांना स्वतःची खुर्ची दिली. मग लोक अप्पांबरोबर फोटो काढू लागले. छोटीचा ऊर भरून आला. आपण बापाला काय दिलं, असं तिच्या मनात आलं.

खाण्यापिण्याच्या टेबलाशी वहिनीने तिला कोपऱ्यात घेतलं. वहिनीचा आवाज कधी चढत नसे, आताही चढला नाही.

"त्या नव्या चमच्याने त्यांचा शर्ट जेवतो, छोटी, ते नाही."

छोटीला आधी कळेचना. मग वहिनीने एकेक सांगितलं. मुठीत अप्पांनी बेअरिंगचे छर्रे भरले होते ते वजनासाठी. त्या वजनाने हात खाली दबून राहायचा, थरथर कमी व्हायची. हलका चमचा हातात धरला की तो नुसता नाचतो. पहिले दोन-चार दिवस त्यांनी खूप खटपट केली, दार लावून एकटे जेवायला बसले. आता पेल्यातून सूप आणि दूध पितात, तेही झाकण लावून. भरवून घेत नाहीत. आणि छोटीला सांगायचं नाही अशी सगळ्यांना तंबी आहे, कारण पोरीचं नाव होतंय.

"मग तू मला का नाही सांगितलंस?" छोटीने विचारलं.

"तू कधी थांबलीस?" वहिनी म्हणाली आणि अप्पांसाठी दुधाचा पेला शोधायला निघून गेली.

समोर अप्पा खुर्चीत बसून कुणाला तरी सायकलच्या बेअरिंगबद्दल हातवारे करून सांगत होते आणि शर्टाची कॉलर गळ्यापासून दोन बोटं लांब होती. मघाशी कॉलर पाहताना हे दिसलं कसं नाही? तिला टूथब्रशांच्या खुर्चीतला वाकडा ब्रश दिसला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती संचालिका बाईंच्या केबिनमध्ये उभी राहिली. काचेत नक्कल ठेवते आणि खरा घरी नेते, म्हणाली. बाई भांडतील म्हणून ती तयारी करून आली होती. बाई भांडल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि सांगितलं की खुशाल न्या, लांबून कुणाला कळणार आहे, आणि खरं म्हणजे हे आधीच करायला हवं होतं. छोटीच्या तोंडात कुणी मारल्यासारखं झालं. खरंच, आधीच का नाही केलं? बघणाऱ्यांना काय, नक्कलही चालली असती. खराच हवा होता तो एकाच माणसाला.

चमचा काचेबाहेर काढायला वस्तूंची निगा राखणारे गृहस्थ आले. डोळ्याला सतत भिंग असल्याने सगळे त्यांना भिंगवाले म्हणत. माणूस जीव ओतून काम करणारा. त्यांनी हातमोजे घालून चमचा तिच्या पुढ्यात ठेवला आणि कौतुकाने सांगू लागले की आला तेव्हा काय अवस्था होती, रबर चिकट झालं होतं, घामाने आणि तेलाने माखलं होतं, एका जागी झिजून खड्डा पडला होता. तो सगळा मळ त्यांनी काढला. रबराला आणखी तडे जाऊ नयेत म्हणून वरून पारदर्शक कडक लेप दिला. संग्रहालयात आलेल्या प्रत्येक रबरी वस्तूला देतात तसाच.

छोटीने मोजे न घालता मूठ धरली. ती काचेसारखी गुळगुळीत होती. अंगठा ठेवला तिथून तो सटकला. हा लेप निघेल का, तिने विचारलं. भिंगवाल्यांनी मान हलवली. काढायला गेलं तर खालचं रबरही सोबत निघून येईल. मग तिचा चेहरा पाहून, धीर द्यावा म्हणून ते म्हणाले, "काळजी करू नका. आता दोनशे वर्षं टिकेल."

ती दुपारी चमचा घेऊन घरी गेली. वाटेत सायकलच्या दुकानातून ट्यूब घेतली होती. स्वयंपाकघरात बसून तिने वहिनीच्या कात्रीने पट्ट्या कापल्या आणि मुठीवर गुंडाळल्या. जाड झाल्या, उलगडल्या, पुन्हा गुंडाळल्या. अप्पा शेजारी बसून बघत होते. कशी ओढायची, टोक कुठे खोचायचं ते सांगत होते. त्यांची बोटं टेबलावर आपली आपण हलत होती, पण पट्टी त्यांना धरता येत नव्हती. चमचा केला तेव्हा धरता यायची.

वहिनीने वाटाणे उकडून वाटीत आणले आणि ती ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. अप्पांनी चमचा उचलला. वजन हाताला ओळखीचं लागलं असावं, कारण ते जरा हसले. पण बोटं आपली जुनी खाच शोधत राहिली आणि ती तिथे नव्हती. चमचा मुठीत फिरला आणि वाटाणे टेबलभर पळाले. अप्पांनी पुन्हा भरला. पुन्हा पळाले. तिसऱ्यांदा चमचा वाटीपर्यंतच पोचला नाही. एवढ्या आठवड्यांत हातही विसरला होता, ते त्यांना कळलं आणि तिलाही.

"अप्पा, चुकलं माझं," ती म्हणाली. "तुमचा घासच काढून नेला मी."

अप्पांनी चमचा टेबलावर ठेवला आणि बोटाने त्याच्या झिरमिळ्या सरळ केल्या. मग सांडलेले वाटाणे गोळा करायला वाकलेल्या तिच्याकडे बघत राहिले. रडू येऊ नये म्हणून ती एकेक वाटाणा उचलत होती, हे त्यांना कळत असणार. लहानपणी पडली की ती अशीच खाली मान घालून बसायची.

"ते राहू दे," ते म्हणाले. "इकडे ये. मला आता कंटाळाच आला होता स्वतःच्या हाताने खायचा."

त्यांनी वाटी तिच्याकडे सरकवली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि तोंड उघडलं.