रोजचं वजन

सदाशिव मेस्त्रींनी गाडीच्या चाकामागचा जुना बुश ठोकून बाहेर काढला, तेव्हा बोटांतच त्याच्या रबराचा भुगा झाला.

"बघा अण्णा. रबर कधीच संपलंय. लोखंडावर लोखंड घासत होतं. आवाज करेल नाहीतर काय!"

श्रीहरींनी तो तुकडा तळहातावर घेतला. वडिलांच्या वेळची ही फियाट सकाळपासून मळमड्डीतल्या त्यांच्या घरापुढं, चिंचेखाली जॅकवर उभी होती. चाकं धरून ठेवणाऱ्या आर्मचे नवे बुश कोल्हापुरातून मिळवायला तीन आठवडे गेले होते.

त्यांच्या पत्नी कमलताई या गाडीत बसत नव्हत्या, त्याला सहा वर्षं झाली. कमरेच्या ऑपरेशननंतर श्रीहरींनी त्यांना दवाखान्यातून हिच्यातूनच घरी आणलं. खड्ड्याखड्ड्याला गाडी करकरली. कमलताई ओठ दाबून बसल्या आणि उतरताना एवढंच म्हणाल्या, "यापुढं मला हिच्यात बसवू नका." कंबर वर्षभरात बरी झाली, पण शब्द राहिला. लग्नाकार्याला त्या रिक्षानं जात आणि मागून श्रीहरी, एकटेच, फियाट घेऊन. या गोष्टीवर दोघं पुन्हा कधी बोलले नव्हते.

दुपारपर्यंत नवे बुश बसले. मेस्त्रींनी गाडी जमिनीवर उतरवली, नट मात्र ढिलेच ठेवले.

"आता आत बसा. वजन पडल्यावरच आवळायचे, नाहीतर रबर पिळलेलं राहतं. रोज किती जण बसता?"

"एक..." म्हणता म्हणता श्रीहरी थांबले. "दोघं," ते म्हणाले आणि आत गेले.

कमलताई स्वयंपाकघरात शेंगा फोडत होत्या.

"जरा येतेस? गाडीत बसायचंय. नुसतं बसायचं, गाडी हलणार नाही. दोघांचं वजन पाहिजे म्हणतात मेस्त्री."

"शेंगांचं पोतं ठेवा की."

"पोतं रोज बसत नाही."

"मी तरी कुठं बसते?"

श्रीहरी तसेच दारात उभे राहिले. कमलताईंनी त्यांच्याकडं पाहिलं, मांडीवरची टरफलं झटकली आणि उठल्या.

"हलू नका हं, अक्का," गाडीखालून मेस्त्रींचा आवाज आला. दोघं फोटोला बसल्यासारखी समोर बघत बसली. खाली पाना कुरकुरत होता.

"त्या दिवशी मी दुसरी गाडी करायला हवी होती," श्रीहरी हळूच म्हणाले.

"गाडीचं काही नाही. एवढ्या वाटेत तुम्ही एकदासुद्धा माझ्याकडं बघितलं नाही."

श्रीहरींनी स्टिअरिंगवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"बघवत नव्हतं," ते म्हणाले.

सदाशिव मेस्त्री पुढच्या बंपरखालून सरकत बाहेर आले.

"आयतु! झालं काम. उतरा आता."

कमलताईंनी हँडल फिरवून काच खाली केली.

"मेस्त्री, जरा बाजूला व्हा." मग नवऱ्याला म्हणाल्या, "फाटकापर्यंत घ्या बघू."

चिंचेच्या मुळांवरून गाडी गेली. कसला आवाज नाही. प्रत्येक मुळाला श्रीहरी शेजारी बघत होते. फाटकाशी त्यांनी ब्रेक दाबला.

"आलं फाटक."

"उघडंच आहे की," कमलताई म्हणाल्या.