मनगट धरणारे संशोधक

शाळेच्या सभागृहात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांतून माना आत आल्या होत्या. समोर टेबलापाशी औषधांच्या दुकानदाराचा अकरा वर्षांचा मुलगा बसला होता. जन्मापासून तो एक शब्दही बोललेला नव्हता. त्याचं उजवं मनगट संशोधक महाशयांनी हलकेच धरलं होतं आणि समोर बाराखडीची पाटी होती. मुलाचं बोट एकेका अक्षरावर जायचं आणि महाशय खणखणीत आवाजात वाचायचे, "बा... बा... मी... स... ग... ळं... ऐ... क... तो."

दुकानदार ओक्साबोक्शी रडायला लागला. त्याच्यामागून अर्धं सभागृह रडलं. मीही रडले असते, पण मी मुलाकडे बघत होते आणि मुलगा छतावरच्या पंख्याकडे बघत होता. पाटीकडे न बघता नेमक्या अक्षरावर बोट ठेवणं मला या वयातही जमणार नाही.

माझं काम सांगते. मुलांच्या वाढीवर विद्यापीठाचं एक संशोधन चालू आहे, त्यात मी एकोणीस वर्षं मुलांची उंची आणि वजन मोजते. आमच्याकडे प्रत्येक मूल दोघी मोजतात, आणि पहिलीचा आकडा दुसरीला कळू द्यायचा नाही असा नियम आहे. नव्याने आलेल्या मुली रुसतात, "आमच्यावर विश्वास नाही का?" नाहीच! पहिलीने एकशे बारा म्हटलं की दुसरीची पट्टीही एकशे बारावर येऊन थांबते. मुली खोटारड्या नसतात, पण कानावर पडलेला आकडा हाताला ओढतो.

शेजारी माझी धाकटी बहीण बसली होती आणि तिच्या मांडीवर तिची आठ वर्षांची लेक. घरात आम्ही तिला खारू म्हणतो. खारू बोलत नाही. काही हवं असलं की ती आईचा अंगठा धरते आणि ओढत नेते. गेल्या सहा महिन्यांत तिच्या विशेष शाळेतल्या बाईंनी तिला चित्रांची कार्डं शिकवली होती. पेल्याचं कार्ड दिलं की पाणी मिळतं हे तिला ज्या दिवशी उमगलं, त्या दिवशी बहिणीने मला फोन करून तेच तीनदा सांगितलं.

मग दोन आठवड्यांपूर्वी याच टेबलावर खारूच्या बोटाने लिहिलं, "आई, तू रडू नकोस."

"आठ वर्षं याची वाट पाहिली गं, ताई," बहीण म्हणाली होती. पण महाशयांनी पुढचंही सांगून ठेवलं होतं, "एवढ्या विद्वान मुलीला पेल्याची कार्डं? हा तिचा अपमान आहे. ती शाळा ताबडतोब बंद करा." सोमवारी बहीण खारूचं नाव काढायला जाणार होती. सहा महिन्यांत पोरीला सापडलेली एकुलती एक वाट हा माणूस बुजवायला निघाला होता.

महाशय दर वेळी पालकांकडून चार पानी 'संशोधन प्रपत्र' भरून घेत. मुलाचं लाडाचं नाव काय, घरात लळा कुणाचा, आई कशाने रडते. मी आयुष्यभर प्रपत्रं भरत आले आहे. आईच्या रडण्याचा रकाना मी कुठे पाहिला नव्हता. या वेळचं प्रपत्र बहिणीने माझ्याकडे दिलं, माझं अक्षर बरं म्हणून. 'लळा कुणाचा?' यापुढे मी लिहिलं, 'आजोबांचा. सारखी त्यांच्या मांडीवर असायची.' खारूचे दोन्हीकडचे आजोबा ती जन्मायच्या आधीच गेलेले. बहिणीला मी हे सांगितलं नाही, आणि त्याची मला लाजही वाटली.

खारूची पाळी आली. "मेंदूतल्या सुप्त लहरी माझ्या तळहातातून वाट काढतात," महाशय म्हणाले. "परदेशातल्या सतरा नियतकालिकांनी हे मान्य केलंय." कोणत्या सतरा, हे कुणी विचारलं नाही. त्यांनी खारूचं मनगट धरलं. "म... ला... आ... जो... बां... ची... मां... डी... आ... ठ... व... ते."

सभागृह गहिवरलं. बहीण मात्र पुढे झुकली.

"सर," ती हळूच म्हणाली, "हिने आजोबा पाहिलेलेच नाहीत."

महाशय क्षणभर चाचरले. मग हसले. "अहो बाई, मुलांची स्मृती जन्माच्याही मागे जाते! माझा पुढचा निबंध त्यावरच आहे."

आणि टाळ्या पडल्या. माझं डोकंच फिरलं. मी उभी राहिले. "ते प्रपत्रात मी लिहिलं होतं. मुद्दाम, खोटं."

एकच गलका झाला. "तुम्हाला बहिणीचं सुख बघवत नाही का?" कुणीतरी ओरडलं. दुकानदार तर माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "माझ्या पोराला पुन्हा मुका करायला आलात का?" हे मात्र मला लागलं.

"नाही हो," मी म्हटलं. "फक्त दोनदा मोजू या. इथल्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी खारूला आपल्या खोलीत नेऊन एक वस्तू दाखवावी. कोणती, ते मलाही कळायला नको, तिच्या आईलाही नको आणि सरांनाही नको. मग खारूने पाटीवर त्या वस्तूचं नाव लिहावं."

"शंकेच्या वातावरणात लहरी आखडतात," महाशय म्हणाले.

"मी तर आल्यापासून शंकाच घेतेय. आजोबांची मांडी बरी उतरली पाटीवर!"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. महाशयांनी पाटी आवरायला घेतली, तेवढ्यात बहीण उठली. "सर, माझी मुलगी विद्वान आहे म्हणालात ना? मग एका वस्तूचं नाव तिला जड नाही. ते नाव पाटीवर आलं तर उद्या मी शाळा बंद करते."

मुख्याध्यापिका खारूला घेऊन गेल्या आणि पाच मिनिटांत परत आल्या. महाशयांनी मनगट धरलं. "मी... थ... क... ले. शं... का... म... ला... टो... च... ते."

आठ वर्षांच्या पोरीची ही भाषा! या वेळी बरेच जण हसले. दुकानदार हसला नाही.

"सर, वस्तूचं नाव," तो म्हणाला. "फक्त नाव येऊ द्या."

महाशयांच्या कपाळावर घाम आला. बोट बराच वेळ भिरभिरलं. "चें... डू."

मुख्याध्यापिकांनी नकारार्थी मान हलवली.

खारूला या सगळ्याचा कंटाळा आला होता. तिने मनगट सोडवून घेतलं, आईचा अंगठा पकडला आणि गर्दीतून तिला ओढत थेट मुख्याध्यापिकांच्या खोलीत नेलं. आम्ही मागे. कपाटापाशी जाऊन तिने खालच्या दारावर थापा मारल्या. मुख्याध्यापिकांनी दार उघडलं. आत साबणाच्या फुग्यांची बाटली होती. खारूने ती आईच्या हातात दिली आणि तो हात आईच्याच तोंडाकडे ढकलला. फुंक मार!

"हीच," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "हिला हीच दाखवली होती."

बहिणीने फुंकर मारली. खोलीभर फुगे झाले आणि खारू टाचांवर उड्या मारायला लागली. बहीण रडत होती.

"मग 'रडू नकोस' असं कुणी लिहिलं, ताई?"

"त्यांनी. आई कशाने रडते, त्यापुढे तू मागच्या प्रपत्रात काय लिहिलं होतंस?"

"खारू कधी आई म्हणेल, या विचाराने." खारूने बाटली पुन्हा तिच्या तोंडाशी नेली.

आम्ही परतलो तेव्हा पाटी टेबलावरच होती, महाशय नव्हते. दुकानदार मुलाशेजारी बसला. मुलगा कुठे बघतोय ते त्याने बहुधा पहिल्यांदाच पाहिलं. तो उठला आणि भिंतीवरच्या बटणाने पंखा हळू केला, मग जोरात केला. मुलगा खदखदून हसला.

युक्ती एवढीशी होती. अक्षर मुलाचं बोट निवडत नव्हतं, मनगट धरणारा हात निवडत होता. असे हात धरणारे काही जण प्रामाणिकही असतात, त्यांना स्वतःच्या हाताचा पत्ता नसतो. हे महाशय मात्र प्रपत्र पाठ करून येत. म्हणून सांगते, कुणी संशोधन म्हटलं की लगेच हात जोडू नका. धरणाऱ्याला उत्तर माहीत नव्हतं तेव्हा काय झालं, एवढं विचारा. खरं संशोधन या प्रश्नावर रागावत नाही, आम्ही तर तो स्वतःला रोज विचारतो. आणि आपलं मूल काय म्हणतंय ते दुसऱ्याकडून वदवून घेण्याआधी ते कुठे बघतंय, काय ओढतंय, ते बघा.

सोमवारी बहीण खारूच्या शाळेत गेली. नाव काढायला नाही, फुग्यांचं कार्ड मागायला.